दोन किलो कापूस

डिसेंबरातली सकाळ होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावपासून थोड्या अंतरावरच्या एका शेतात सात बाया ओळीनं कापूस वेचत होत्या. प्रत्येकीच्या कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर. मी मोबाइलवर माझी पहिली फिल्म करत होतो. त्यांच्यातल्या एका मावशीला मी सांगितलं, ‘मावशी, गाठोडं डोक्यावर घेऊन बांधावरनं चाला ना.’ त्या चालल्या. उजेड बरोबर आला नाही म्हणून पुन्हा चालायला लावलं. मग मागून बंडी आली, म्हणून तिसऱ्यांदा. त्यानंतर वेचतानाचे हात जवळून हवेत म्हणून एकाच झाडापाशी थांबवून ठेवलं. संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर काटा टांगला आणि एकेकीचं गाठोडं त्याला लागलं. मावशींचा आकडा रोजच्यापेक्षा कमी भरला. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, ‘माहा दोन किलो कापूस तुह्या फिलममधी गेला ना, बाप्पा.’

वेचणीची मजुरी किलोवर असते. हे मला माहीत होतं. माझ्या फिल्मच्या निवेदनात मी ते वाक्य लिहूनही ठेवलं होतं. पण माझ्या प्रत्येक रीटेकला किलोचा भाव आहे आणि तो भाव मावशी भरताहेत, हे मला काट्यापाशी उभं राहिल्यावर कळलं. ही पुस्तिका तिथून सुरू झाली. उघड्यावर काम करणाऱ्या माणसांवर पाच-दहा मिनिटांच्या फिल्म कशा कराव्यात, हे सांगणारी ही पुस्तिका आहे. कॅमेरा कुठं ठेवावा, आवाज कसा घ्यावा, हे सगळं तिच्यात आहे. पण त्याच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्यायला हवी. ज्या माणसावर आपण फिल्म करतो त्याचा वेळ म्हणजे त्याची मजुरी. त्याच्या कामाच्या घड्याळात आपली फिल्म बसली पाहिजे. आपल्या घड्याळात त्याचं काम बसवायला गेलो की दोन्ही बिघडतात.

राळेगाव तालुक्यात कॅमेरे आलेच नाहीत असं नाही. 2018 साली इतके आले की गावच्या पोरांना गाड्या ओळखता येऊ लागल्या होत्या. वनखात्याच्या कागदावर टी-1 आणि शहरातल्या प्राणिप्रेमींच्या तोंडी ‘अवनी’ अशी ती वाघीण पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात फिरत होती. हे काही अभयारण्य नव्हे. शेतं, झुडपी जंगल, मध्येच गाव, पुन्हा शेत, असा तुकड्यातुकड्यांचा हा मुलूख आहे. 2016 पासून दोन वर्षांत 13 माणसांचे जीव गेल्याचा ठपका तिच्यावर ठेवला गेला. एकट्या ऑगस्ट 2018 मध्ये तीन जण गेले. तिला मारण्याच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरात हस्तक्षेप करायला नकार दिला, आणि 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटी गावाजवळ तिला गोळी घातली गेली. तिला भुलवायला परदेशी अत्तर वापरल्याची बातमी जगभर छापून आली. झाडाझाडांना कॅमेरा ट्रॅप लागले होते, हत्ती आणले होते, कुत्रे आणले होते. ती मेल्यावर गावांत फटाके फुटले आणि शहरांत मेणबत्त्या पेटल्या. वाहिन्यांनी ही दोन्ही दृश्यं शेजारीशेजारी दाखवली आणि त्यांच्या लेखी कहाणी तिथं संपली. पुढं 2021 मध्ये ‘शेरनी’ हा हिंदी चित्रपट आला. त्याची बीजं या घटनेत असल्याचं सगळे मानतात, पण त्याचं चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या जंगलात झालं.

त्या दोन वर्षांत इथल्या माणसांच्या दिवसाचं काय झालं होतं, हे मात्र फार थोड्यांनी टिपलं. ढोरकी एकटा गुरं नेईना, चार-पाच जण मिळून निघू लागले. बाया उन्हं कलायच्या आत शेत सोडू लागल्या. रात्री पीक राखायला जागलीला जायचं की नाही यावर घराघरांत वाद झाले. पीक वाचवावं की जीव, हा प्रश्न रोज संध्याकाळी नव्यानं उभा राहत होता. जयदीप हर्डीकरांसारख्या पत्रकारानं ‘पारी’ या संकेतस्थळासाठी गावोगाव फिरून हे लिहिलं, म्हणून त्याची नोंद तरी राहिली. कॅमेरा मात्र वाघिणीच्या मागं होता. मरणावर आलेला कॅमेरा मरण टिपतो आणि परत जातो. माणसं रोज काय करून जगतात हे पाहायला त्याला सवड नसते.

कापसाच्या बाबतीतही थोडंबहुत असंच झालं, पण तिथं मला जपून बोललं पाहिजे. शेतकरी आत्महत्यांवर पत्रकार पी. साईनाथ यांच्या फिरतीसोबत दीपा भाटिया यांनी केलेली ‘नीरोज गेस्ट्स’ (2009) आणि नंदन सक्सेना व कविता बहल यांची ‘कॉटन फॉर माय श्राउड’ (2011) या दोन्ही फिल्म मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. विदर्भाचं दुःख दिल्ली-मुंबईच्या डोळ्यांपुढं ठेवण्याचं काम त्यांनी केलं, आणि ते फार गरजेचं होतं. माझी तक्रार त्यांच्यानंतर आलेल्यांबद्दल आहे. त्यांच्या मागोमाग जी रांग लागली तिला फक्त तो एकच दरवाजा माहीत होता : भिंतीवरचा हार घातलेला फोटो, समोर बसलेली विधवा, आणि तिच्या हातात सातबारा. एकाच बाईनं आपली तीच कहाणी किती जणांना सांगायची? तिला शेत कसायला येतं, तिफणीमागं सरतं धरायला येतं, गुलाबी बोंडअळीचं बोंड तिला ओळखू येतं. यावरची फिल्म माझ्या पाहण्यात नाही. ज्या घरात मरण झालं त्याच घरात दुसऱ्या दिवशी सकाळी गाय पिळायची असते. ती पिळणारी बाई दाखवणं मला आज जास्त निकडीचं वाटतं.

‘माहितीपट’ हा आपला शब्दही थोडा वाट चुकवतो. पूर्वी ‘अनुबोधपट’ म्हणत, तो तर सरळ शाळेत बसवायचा. माहितीपट म्हटलं की करणाऱ्याला वाटतं, माहिती भरली पाहिजे. मग तालुक्याचं क्षेत्रफळ, पर्जन्यमान, लागवडीचे आकडे, वर गंभीर आवाजातलं निवेदन. दहा मिनिटांतली सात मिनिटं त्यातच जातात, आणि माणूस उरतो तो निवेदनाच्या खाली हलणाऱ्या चित्रापुरता. आकडे लेखात चांगले राहतात. पडद्यानं ते दाखवावं जे लेखाला जमत नाही : बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी नखांच्या कडेला पडलेले चरे, आणि तरीही न थांबणारी बोटं.

थांबून पाहण्याची परंपरा आपल्याकडं नाही असं कुणी म्हणू नये. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधी दादासाहेब फाळक्यांनी काय केलं होतं? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. ‘अंकुराची वाढ’ ही ती एखाद-दीड मिनिटाची फिल्म. दाणा फुगतो, फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते. ती पाहून पैसे लावणारा मिळाला आणि पुढचा सगळा इतिहास घडला. मला यातला इतिहासापेक्षा तो महिना महत्त्वाचा वाटतो. दाण्याला त्यांनी लवकर उगव म्हटलं नाही. मराठी माणसानं केलेल्या अगदी सुरुवातीच्या फिल्मांमधली एक रोपट्याच्या वेळेनं चालली होती, ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी सांगतो.

जगात मात्र या कलेची सुरुवात दुसऱ्या एका गोष्टीनं सांगतात. रॉबर्ट फ्लाहर्टी यांची ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ 1922 ची. कॅनडाच्या उत्तरेकडं हडसनच्या उपसागराकाठी राहणाऱ्या इनुइट शिकाऱ्याचं आयुष्य तिच्यात आहे. आजही ती पाहताना अंगावर काटा येतो. पण त्या शिकाऱ्याचं खरं नाव नानूक नव्हतं. तो एरवी बंदुकीनं शिकार करी, फिल्मसाठी त्याच्या हाती जुना भाला दिला गेला. बर्फाच्या घराच्या आत उजेड पुरेना म्हणून अर्धंच घर बांधलं आणि कुटुंब त्या उघड्या घरात झोपण्याचं काम करत राहिलं. फ्लाहर्टींना त्या माणसांबद्दल प्रेम नव्हतं असं नाही, ते त्यांच्यात दीर्घकाळ राहिले होते. पण त्यांना जो माणूस हवा होता तो समोरच्या माणसापेक्षा पन्नास वर्षांनी जुना होता. आपल्याकडं हाच मोह वेगळ्या रूपात येतो. कोलाम आदिवासी माणसाच्या खिशातला मोबाइल चौकटीबाहेर ठेवायला सांगणं, शेताच्या कुंपणातल्या झटका मशीनवरून कॅमेरा वळवून जुन्या मचाणावर नेणं, बाईला ‘साडी नेसा, गाऊन नको’ म्हणणं. मीही एकदा एका आजोबांना प्लास्टिकच्या बुटांऐवजी चपला घालायला लावल्या होत्या. ते बूट त्यांनी सापाच्या भीतीनं घेतले होते. माझ्या एका चित्रासाठी ते अर्धा दिवस चपलांवर गवतात फिरले.

याच्या उलट, आपल्या शेजारच्या राज्यातच घडलेलं एक उदाहरण आपल्याकडं फार थोड्यांना माहीत आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला तेलंगण सुरू होतं. तिथं झहिराबादच्या बाजूला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधारानं शेतकरी-शेतमजूर दलित स्त्रियांनी कॅमेरा हातात घेतला. यातल्या बहुतेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. 2001 मध्ये त्यांनी स्वतःचा माध्यम-न्यास उभा केला. बीटी कापसाच्या पहिल्याच हंगामात त्या वरंगळच्या शेतकऱ्यांकडं जात राहिल्या, आणि वरंगळचे शेतकरी बीटी कापसावर का चिडले आहेत, हे विचारणारी फिल्म त्यांनी केली. त्या एकदा जाऊन परत आल्या नाहीत. पेरणीपासून वेचणीपर्यंत पुन्हा पुन्हा त्याच शेतात गेल्या. शेतकऱ्याच्या हाती कॅमेरा असला की केव्हा यायचं हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. कधी फवारणी, कधी निंदण, कधी सवड, हे त्याच्या अंगातच असतं. ईशान्येत तेजपूरला रिता बॅनर्जी यांनी ‘ग्रीन हब’मधून तिथल्याच जमातींच्या मुलामुलींना वन्यजीवांच्या फिल्म करायला शिकवलं, त्याच्या मुळाशीही हाच विश्वास आहे. आणि मराठीत, सुमित्रा भावे समाजशास्त्रीय संशोधनातून ‘बाई’ (1985) या लघुपटाकडं आल्या. वस्तीतल्या स्त्रियांचं बोलणं अहवालात मावत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

राळेगावात अशी फिल्म करायची तर कशी, हे जागलीवरून सांगतो. दिवाळीनंतर हरभरा वर येतो आणि रोही, म्हणजे नीलगायी, रात्री कळपानं उतरतात. रानडुकरं तर बाराही महिने. घरातला एक जण मचाणावर जातो, सोबत घोंगडी, बॅटरी, कधी कुत्रा. त्यातच ओलिताची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, म्हणजे मोटर सुरू करायलाही उठावंच लागतं. आता यावर फिल्म करायला गेलेला मुलगा पहिली चूक करतो ती ही, की सोबत दिवा नेतो. दिवा लावला की मचाणावरच्या माणसाचे डोळे अंधाराला सरावलेले असतात ते दिपतात आणि पुढचा बराच वेळ त्याला काही दिसत नाही. म्हणजे त्याचं काम बंद. जनावरं येत नाहीत ती वेगळीच. आणि दिव्याशिवाय मोबाइल काय टिपतो? ठिपक्यांनी भरलेला काळा पडदा.

मग कळतं की जागल ही पाहण्याची गोष्टच नाही. जागल्या कानानं काम करतो. वाळलेल्या ढेकळांवर रोह्याचं खूर पडलं की एक आवाज येतो, डुकरानं मुळं उकरली की दुसरा, आणि शेजारच्या शेतातला गडी खोकला तर तो तिसरा. कुठला आवाज किती लांब आहे हे तो सांगू शकतो. मग तो पत्रा बडवतो, हाळी देतो, आणि चार शेतांवरून हाळीला हाळी मिळते. त्या हाळ्यांचं जाळं म्हणजेच त्या रात्रीची राखण. माझ्या मते जागलीवरची फिल्म आठ मिनिटांची असेल तर त्यातली पाच मिनिटं पडदा जवळजवळ काळा असावा. रेकॉर्डर मचाणाच्या खांबाला बांधावा, वाऱ्यासाठी माइकला फरचं किंवा लोकरीचं टोपरं घालावं, आणि आपण गप्प बसावं. रात्रभर. अर्ध्या रात्री उठून घरी गेलो तर पहाटेच्या थंडीत तो माणूस शेकोटीजवळ एकटाच काय पुटपुटतो, ते आपल्याला कधीच मिळणार नाही. वाघीण फिरत होती तेव्हाही काही जण जागलीला गेलेच होते. पुढं टिपेश्वर अभयारण्यातला ‘वॉकर’ वाघ 2019 मध्ये निघून ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, तेव्हा गळ्यातल्या कॉलरमुळं त्याचं तीन हजार किलोमीटरचं चालणं नकाशावर उमटलं. जागल्याची घर ते मचाण ही रोजची वाट कुणाच्याही नकाशावर नाही, आणि ती त्याच जंगलाच्या कडेनं जाते.

कापसाच्या शेताचं तंत्र याच्या बरोबर उलट. तिथं उजेडाचा सुकाळ असतो. भर दुपारी उललेला कापूस इतका पांढरा चमकतो की मोबाइल त्याच्यावरच उजेड बेततो आणि वेचणारीचा चेहरा काळवंडतो. राळेगावच्या फिल्ममध्ये राळेगावची बाई काळोखात, हे मी किती फिल्ममध्ये पाहिलं सांगता येत नाही. मोबाइलच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड तिथं कुलूपबंद करावा. कापूस पांढराफेक झाला तरी चालेल, त्याला ओळख लागत नाही. ही एवढी युक्ती कळायला मला दोन हंगाम लागले.

आणखी एक गोष्ट आहे, ती तंत्राच्या प्रकरणात न टाकता मी इथंच सांगतो, कारण तिच्यामुळं माणूस तुरुंगात जाऊ शकतो. जंगलाच्या कडेला राहणाऱ्याच्या दिवसात कायद्याच्या सीमेवरच्या कितीतरी गोष्टी येतात. कुणाचं शेत वनजमिनीवर असतं, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा टाकलेला असतो, पट्टा मिळालेला नसतो. कुणी झटका मशीन परवडत नाही म्हणून कुंपणात थेट लाईन सोडतो. त्यात डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस. हे भयानक आहे आणि ते लपवू नये असं मला वाटतं. पण एखाद्याचा चेहरा, त्याचं शेत आणि त्याची तार एकाच चित्रात दाखवली, तर आपण फिल्म नाही, पंचनामा करतो. गोष्ट सांगायची तर चेहऱ्याशिवाय सांगता येते. काय दाखवायचं नाही, हे चित्रण सुरू करण्याआधी त्या माणसासोबत बसून ठरवावं, आणि फिल्म तयार झाल्यावर त्याला एकट्याला आधी दाखवून पुन्हा विचारावं. पहिल्या दिवशी दिलेला होकार तिसऱ्या महिन्यात तसाच असतो असं नाही. अभयारण्यात चित्रण करायचं तर वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी, हे वेगळं सांगायला नको.

पोडावर गेलात तर भाषेचं भान ठेवा. कोलामांच्या वस्तीला आपल्याकडं पोड म्हणतात. आपल्याशी ते वऱ्हाडी मराठीत बोलतात आणि आपसात कोलामीत, जी द्राविडी कुळातली भाषा आहे. प्रश्न मराठीत विचारला की उत्तर मराठीत येतं आणि लहान येतं. बांबू सोलता सोलता बापलेकांचं जे कोलामीत चालू असतं तेच टिपा, आणि भाषांतर पोडावरच्याच एखाद्या शिकलेल्या मुलीकडून करून घ्या. तिचं नाव श्रेयनामावलीत घाला. वऱ्हाडी बोलणाऱ्याच्या खाली प्रमाण मराठीत अक्षरं टाकण्याची पद्धत मला पटत नाही. ‘वाघ येते’ म्हणणाऱ्या माणसाखाली ‘वाघ येतो’ असं लिहिलं की आपण त्याला सगळ्यांसमोर दुरुस्त करतो.

पैशाबद्दल दोन मतं आहेत. फिल्ममधल्या माणसाला पैसे देऊ नयेत, दिले की तो आपल्याला हवं ते बोलतो, असं शहाणी माणसं सांगतात. मुलाखतीसाठी पैसे मीही देत नाही. पण आपल्यामुळं बुडालेली मजुरी भरून देणं म्हणजे कहाणी विकत घेणं नव्हे. आमचा नियम साधा आहे : पुन्हा करायला सांगायचंच नाही, आणि आपल्यामुळं कामात खोळंबा झालाच तर काट्यावरचा फरक त्याच संध्याकाळी चुकता करायचा. मावशींना मी त्यांचे दोन किलो त्या दिवशी दिले नव्हते. आठवडाभरानं गेलो तेव्हा त्यांनी घेतले नाहीत. ‘चहा पाज,’ म्हणाल्या.

ती फिल्म एप्रिलमध्ये पुरी झाली. दहा मिनिटांची. गावातल्या समाजमंदिरात चादर लावून दाखवली. मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांच्यासोबतच्या सहाही जणी होत्या. सुरुवात सीतादहीनं होती. वेचणीच्या आधी शेतात दहीभात ठेवतात ते. त्याच्यामागोमाग वेचणीची चित्रं. तिथंच मागून कुणीतरी म्हणालं, ‘हे पहिल्या वेच्याचं नोहे.’ मला कळेना. मग सगळ्याच बोलायला लागल्या. पहिल्या वेच्याला खालची बोंडं आधी उलतात, बाईला वाकून वेचावं लागतं. चित्रातल्या बाया उभ्यानं वेचत होत्या. पानं झडलेली होती, कापसात पिवळी कवडी दिसत होती. ती फरदड होती, मुख्य वेचे संपल्यावर उरलेल्या झाडांवरची, फेब्रुवारीतली. आधीच्या वेच्यांच्या चित्रात उजेड वाईट होता म्हणून मी संकलनात फरदडीची चित्रं सीतादहीला जोडली होती. शहरात ही फिल्म पाहिलेल्या कुणालाही हे दिसलं नव्हतं.

ती चित्रं मी काढून टाकली. फिल्म साडेआठ मिनिटांची राहिली आणि सीतादहीनंतर तिच्यात एक भोक पडलं. ते भरायला पुढच्या पिकाचा पहिला वेचा हवा होता. त्याला सहा महिने होते. अजून पेरणीही व्हायची होती. आम्ही थांबलो. ऑक्टोबरच्या अखेरीला मावशींचाच फोन आला, ‘उद्या सीतादही हाय, येजा.’